फाटक नंबर चार

१२ जुलै, शनिवार

आज कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात सही केली. सावरवाडी आता संयुक्त राखण मंडळाची सभासद झाली.

हे नीट लिहून ठेवायला हवं. सरपंच म्हणून आजवर मी रहिवासी दाखल्यांवर आणि घरकुलाच्या याद्यांवर सह्या केल्या. दुसऱ्या गावाशी करार पहिल्यांदाच. मंडळात चार गावं आहेत: मोरगव्हाण, त्याच्या पलीकडची दोन, आणि आम्ही. मोरगव्हाण सातशे उंबऱ्यांचं, आम्ही एकशे दहा. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, उंबरे मोजत नाहीत, पण झटका मशीनची, म्हणजे सौर बॅटरीवर झटका देणारी, तार सगळ्या शिवाराभोवती ओढायची तर एकट्या वाडीच्या आवाक्यात नाही.

पुरुष मंडळी बाहेर बाजेवर बसून कलमं ठरवत होती. मोरगव्हाणचे सरपंच विजयकुमार यांनी मला आदराने फॅमिली सेक्शनमध्ये बसवलं. तिथे मी आणि एक पंखा. एक एक कलम ठरलं की वेटर कागद आत आणायचा, मी वाचून दुरुस्त करायचे, तो बाहेर न्यायचा. सोय वाईट नव्हती.

कलम तीन मला फार आवडलं. 'एका गावच्या पिकावर हल्ला म्हणजे चारही गावांच्या पिकांवर हल्ला समजण्यात येईल.' भोंगा वाजला की प्रत्येक गावाने दहा माणसं पाठवायची. कलम सात: पेरणीपासून काढणीपर्यंत तारेतली सगळी फाटकं कुलूपबंद राहतील, किल्ल्या अध्यक्षांकडे, म्हणजे विजयकुमारांकडे. कलम नऊ: जे गाव नियम मोडेल त्याची तार आणि मशीन काढून घेण्यात येईल. मी सगळं तीनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या.

माळावरच्या लमाणांच्या तांड्याला मंडळात का घेतलं नाही, असंही एका चिठ्ठीवर विचारलं. वेटरने उत्तर आणलं: पुढच्या टप्प्यात. सोबत शेवभाजीही आणली.

मला मंडळाचं सचिव केलं. 'ताई, तुमचं अक्षर चांगलं हाय,' असं विजयकुमार म्हणाले. मला आनंद झाला. घरी येताना वाटलं, एवढा व्हायला नको होता.

१३ जुलै, रविवार

हिंगोलीला बी.ए.ला असताना राज्यशास्त्रात 'लहान राष्ट्रांचं परराष्ट्र धोरण' असा एक धडा होता. आमचे सर म्हणायचे, लहान देशाने बलवान मित्राचा शब्द मोडू नये आणि जुन्या शेजाऱ्याचा उंबरा सोडू नये. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं, हे सांगायच्या आधी तास संपायचा. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. तो प्रश्न वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी परत येईल असं वाटलं नव्हतं.

दुपारी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, करार वाचून दाखवला. त्या लसूण सोलत होत्या. नऊ कलमं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं की तार कुठून जाणार. मी नकाशा पुढे केला. 'कागदावर मला काय दिसून राहिलंय,' म्हणाल्या, आणि पुन्हा लसूण. त्यांना या विषयात रस नसावा.

२१ जुलै, सोमवार

आज खांब रोवले. चूक माझी आहे, आणि ती सविस्तर लिहिणं भाग आहे.

आमच्या आणि तांड्याच्या शिवेवर एक काळा धोंडा आहे. निझामाच्या शेवटच्या धामधुमीत अख्खी सावरवाडी अकरा दिवस तांड्यात लपून होती. परतताना तांड्याच्या तेव्हाच्या नायकाने, म्हणजे प्रमुखाने, या धोंड्यावर मूठभर मीठ ठेवलं आणि वाडीच्या म्हाताऱ्याने तांब्याभर पाणी ओतलं. ज्यांनी इथे मीठ-पाणी ठेवलं त्यांच्यात भांडण नाही, असं तेव्हा ठरलं. लमाणांचे बैल पिढ्यानपिढ्या मीठच वाहायचे, तेव्हा त्यांनी त्यांच्याकडचं सगळ्यात मोलाचं ठेवलं आणि आम्ही आमच्याकडचं. तेव्हापासून दरवर्षी तांड्यातल्या पोरी तीजेच्या सणाला गहू उगवलेल्या दुरड्या डोक्यावर घेऊन याच वाटेने उतरतात. धोंड्यावर मीठ-पाणी होतं, मग त्या वाडीतून ओढ्यावर विसर्जनाला जातात आणि परतताना आमच्या दारादारात गव्हाच्या कोंभांची जुडी देतात. वाटेला सगळे पोरींची वाट म्हणतात.

नकाशावर ही वाट नाही. तिथे नुसता एक ठिपका आहे आणि त्याशेजारी 'फा. ४'. मी तीनदा वाचलं ते हेच.

आज दुपारी धोंड्याला खेटून फाटक नंबर चार उभं राहिलं. गडी लोकांनी कुलूप लावून किल्ली मोरगव्हाणला नेली. मी आत्याबाईंना म्हणाले की माझ्या लक्षातच आलं नाही. त्या म्हणाल्या, 'माझ्या आलं व्हतं.' मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं नाही. सांगितलं होतं, लसूण सोलताना.

२६ जुलै, शनिवार

कलम तीन आज पहिल्यांदा अमलात आलं.

दिवेलागणीला मोरगव्हाणचा भोंगा वाजला. आमचे यजमान माऊली आणि आणखी नऊ जण काठ्या, बॅटऱ्या घेऊन पळत गेले. पोहोचल्यावर कळलं की हल्लेखोर म्हणजे मोरगव्हाणच्याच पोलीस पाटलांची म्हैस. ती दावं तोडून सोयाबीनमध्ये शिरली होती. पण कराराप्रमाणे चार गावांची चाळीस माणसं जमलीच होती, म्हणून चहा झाला. विजयकुमारांनी सहकार्याबद्दल छोटं भाषण केलं.

तेवढ्या वेळात ओढ्याकडून, जिथे आमची तार अजून ओढायची आहे, तिथून सात डुकरं आली आणि माऊलींच्याच भुईमुगात नांगरणी करून गेली.

मी म्हटलं की भोंगा आपणही वाजवायला हवा होता. माऊली म्हणाले, 'वाजवून कोन येनार व्हतं? आमी सगळे तिकडं चहा पिऊन राहिलो व्हतो.'

करारात म्हशीबद्दल तरतूद नाही. दुरुस्ती सुचवावी का?

३० जुलै, बुधवार

तांड्याचे किसनसिंग नायक आले. वय पंचाहत्तर, लाल पटका, हातातली काठी टेकायची कमी आणि बोलताना फिरवायची जास्त. आत्याबाईंना ते बहीण मानतात. मला वाटलं भांडायला आले. भांडले असते तर बरं झालं असतं.

आमच्या तारेला अडून डुकरं आता तांड्याच्या मक्यात जातात, हे त्यांनी सांगितलं नाही. मीच विचारलं तेव्हा म्हणाले, जनावर हाय, कुठं तरी जाईलच. पोरींबद्दल म्हणाले, यंदा अकरा दुरड्या आहेत, त्यांची नात मिना पुढे असेल. फाटकाचं त्यांना कळलं आहे. पोरी डांबरी रस्त्याने वळसा घालून ओढ्यावर जातील. म्हणजे सहा किलोमीटर, वाशिमकडच्या ट्रकांमधून.

'सूनबाई, तुमालाबी गाव चालवायचं हाय. आमाला समजतं,' ते म्हणाले. मग चहाची बशी खाली ठेवून विचारलं, 'फकस्त मीठ कुठं ठेवावं तेवढं सांगा. डांबरावर ठेवलं तर ट्रक घेऊन जाईल.'

 मी म्हटलं, मी मार्ग काढते. ते 'व्हय व्हय' म्हणाले, लहान लेकराला म्हणतात तसं.

वाडीत मी सून म्हणून आले त्या वर्षी पहिली जुडी माझ्या दारात लागली होती. ती वाट माझ्या सहीने बंद व्हावी, हे मला सोसणार नाही. पण तार गेली तर एकशे दहा घरांचं सोयाबीन डुकरांच्या तोंडी, तेही माझ्याच सहीने. आज जेवण गेलं नाही. खरं लिहायचं तर अर्धी भाकरी गेली.

२ ऑगस्ट, शनिवार

विजयकुमारांना पहिलं पत्र दिलं. तीजेच्या दिवशी फाटक चार एक तास उघडावं, दोन्ही बाजूंचे निरीक्षक असावेत, वगैरे. प्रत्यक्ष भेटलेही. त्यांनी पत्र वाचलं, अक्षराची स्तुती केली, आणि म्हणाले की एकाला सूट दिली तर चारही गावं मागतील. नियम म्हणजे नियम.

मी विचारलं, तांड्याशी काही वैर आहे का. अजिबात नाही, म्हणाले. मग स्वतःहून पुढे सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मोरगव्हाणच्या मैदानावर, मोरगव्हाणच्याच मांडवात, मोरगव्हाणनेच आणलेल्या ढालीसाठी कबड्डीचा अंतिम सामना झाला. तांड्याने त्यांना एकोणीस गुणांनी हरवलं आणि ढाल वाजतगाजत नेली. 'आमच्याच बँडवर,' ते म्हणाले. पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

मी ते खरं धरलं. माणसाच्या शब्दावर विनाकारण संशय घेऊ नये.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुसरं पत्र पाठवलं. उत्तर तेच.

घरातल्या चार गोष्टी, विसरायला नकोत म्हणून. आत्याबाईंचे गुडघे दुखत आहेत. तांड्यातल्या नीलाबाई पाला बांधून देतात म्हणून त्या रोज सकाळी तिकडे जातात. फाटक बंद, तरी तारेखालच्या नाल्यातून वाकून जातात. एवढ्या दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना कसं वाकवतं, याचं आश्चर्य वाटतं. पाला गुणकारी असावा.

आज मोरगव्हाणहून रुक्माबाई आल्या होत्या. विजयकुमारांच्या आई. माहेर त्यांचं इथलंच, आत्याबाईंच्या त्या बालमैत्रीण, पण चार वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. दोघी मागच्या खोलीत तीन तास पापडाच्या गोष्टी बोलत होत्या. मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायच्या. श्रावणात पापड कोण करतं, असं मनात आलं. पण म्हाताऱ्या माणसांना जुन्या आठवणी येतात.

आमची प्रतिक्षा अकरावी सायन्सला आहे. झटका मशीनवर प्रकल्प करते आहे. बॅटरी कुठे, बटण कुठे, बंद केल्यावर मोरगव्हाणला कळतं का, असं सगळं तिने वहीत उतरवलं. आत्याबाई शेजारी बसून ऐकत होत्या. अशिक्षित बाई, पण या वयात विज्ञानाची गोडी लागली. मला भरून आलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. आत्याबाईंनी नायकांना राखी बांधली, दरवर्षीसारखी, पण यंदा तारेच्या दोन बाजूंना उभं राहून. मशीन तेवढ्यापुरतं बंद करायला मी स्वतः गेले. सचिवाने असं करावं का, हा प्रश्न पडला. नोंदवहीत 'देखभालीसाठी दहा मिनिटे' असं लिहिलं. बहीण-भावाचं नातं ही देखभालच आहे, असं स्वतःला सांगितलं. पूर्ण समाधान झालं नाही.

तांड्यात आज दुरड्यांत गहू पेरला. नऊ दिवस पोरी पाणी घालतील. सतराला विसर्जन.

प्रतिक्षा संध्याकाळी गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, काहीतरी गुणगुणत होती. विचारलं तर म्हणाली, भाषेच्या विषयाचा प्रकल्प. एका मुलीला किती प्रकल्प देतात.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तिसरं पत्र. चार पानं. आजवर लिहिलेल्यांत हे सर्वांत चांगलं झालं, असं मला वाटतं. पहिल्या परिच्छेदात कराराबद्दल निष्ठा, दुसऱ्यात अकरा दिवसांचा इतिहास. तिसऱ्यात असं लिहिलं की मित्राची ताकद त्याच्या कुलपात नसते, त्याच्यावर शेजारी टाकतात त्या भरवशात असते. हे वाक्य लिहिल्यावर मी थोडा वेळ उठून फिरले.

नंतर विचार केला, हे वाक्य पोरींच्या वाटेसाठी लिहिलं की स्वतःला बरं वाटावं म्हणून? दोन्हींसाठी. खोडलं नाही.

मी स्वतः जाणार होते, पण तालुक्याची बैठक लागली. आत्याबाई म्हणाल्या, रुक्माबाईकडे जायचंच आहे, मी देते. लिफाफा पदराला बांधून गेल्या. एसटी चुकली तर चालत जाईन म्हणाल्या. गुडघे पूर्ण बरे झालेले दिसतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. तिसऱ्या पत्राचं उत्तर नाही, म्हणून मी प्रश्न सभेपुढे ठेवला: फाटक उघडायचं का, उघडलं तर तार जाऊ शकते, हे धरून.

सटवाजी आबा उठले. त्यांच्या वडिलांनी ते अकरा दिवस तांड्यात काढले होते. त्यांचं म्हणणं, मीठ खाल्लेलं आहे, उघडा. पाठोपाठ त्यांचाच मुलगा उठला आणि म्हणाला की मीठ आज्याने खाल्लं, सोयाबीन आमाला खायचं हाय. सोयाबीन कोणी खात नाही, विकतात, असं कोणी तरी म्हणालं. त्यावर वीस मिनिटं गेली. शेवटी असा ठराव झाला की सरपंचांनी योग्य तो निर्णय घ्यावा. एकमताने. एवढं एकमत सावरवाडीत पहिल्यांदा पाहिलं.

बायका मागे बसल्या होत्या. एकही बोलली नाही. माझ्याकडे बघून मात्र हसत होत्या. मला धीर देत असाव्यात.

१६ ऑगस्ट, शनिवार

निर्णय घेतला. उद्या सकाळी मी स्वतः कुलूप तोडणार. विजयकुमारांना लिहिलेलं चौथं पत्र पिशवीत ठेवलं आहे, दोनच ओळी: फाटक सचिवाने वैयक्तिकरीत्या तोडलं, गावाने नव्हे, म्हणून कलम नऊ सावरवाडीला लावू नये. माझं पद घ्यावं, तार ठेवावी. करार मोडणाऱ्याने निदान तोंड लपवू नये.

हिंगोलीहून हेक्सा ब्लेड आणल्या. आयुष्यात कधी कुलूप कापलेलं नाही, म्हणून दुपारी गोठ्यात जुन्या कुलपावर सराव केला. चार ब्लेडी मोडल्या. कुलूप जसंच्या तसं. माऊली दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, मी कापून देऊ का. मी नाही म्हटलं, जबाबदारी माझी आहे. ते म्हणाले, 'जबाबदारी तुझी ऱ्हाऊ दे, ब्लेड तरी उलटी धरू नको.'

शेवटची ब्लेड उरली आहे. आत्याबाई सगळं बघत होत्या. जेवताना म्हणाल्या, लवकर झोप, उद्या उगीच घाई करू नको. मी म्हटलं, घाई कशी करू नको, पोरी नऊला निघतात. त्या म्हणाल्या, 'निघतील की.'

१७ ऑगस्ट, रविवार

जसं घडलं तसं लिहिते.

साडेसातला पिशवी घेऊन निघाले. मशीनकडे गेले तर ते आधीच बंद. ऊन लख्ख होतं, पण रात्री ढग असावेत, बॅटरी उतरली असणार. शिवेवर पोहोचले तर फाटक नंबर चार सताड उघडं. त्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर रुक्माबाई बसल्या होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

'ये. वाईच उशीर केला तू,' म्हणाल्या.

मी विचारलं, किल्ली तुमच्याकडे कशी. त्या म्हणाल्या, किल्ल्या त्यांच्या घरात खुंटीला असतात आणि खुंटी त्यांच्या खोलीत आहे. मग पिशवीतून डोकावणारी ब्लेड त्यांना दिसली. त्यांनी ती काढून पाहिली आणि परत ठेवली.  त्यांचे खांदे हलत होते.

हळूहळू वाडीच्या बायका आल्या, जणू साडेआठची वेळ ठरलेली होती. आत्याबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. मग माळावरून गाणं ऐकू आलं. अकरा दुरड्या, पिवळसर हिरवे कोंभ, पुढे मिना. आणि तिच्या शेजारी, बारावी दुरडी डोक्यावर घेऊन, आमची प्रतिक्षा. तो भाषेचा प्रकल्प असा होता.

एवढ्यात मोरगव्हाणकडून मोटारसायकल आली. विजयकुमार आणि मागे दोन जण.  मी पुढे झाले, चौथं पत्र काढलं आणि म्हणाले की सर्व जबाबदारी माझी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आईकडे बघत होते.

'आई, हे काय करून राहिली तू?'

'म्हायेराला आली,' रुक्माबाई म्हणाल्या. 'पोर व्हती तवापासून या वाटंनं फिरली. आता लेकाच्या कुलपाला इचारून येऊ का?'

मागच्या दोघांनी मोटारसायकलवरून उतरून तिच्यात काहीतरी बिघडलंय का ते तपासायला सुरुवात केली.

मग मीठ-पाणी झालं. नायकांनी तांड्याचं मीठ ठेवलं. आत्याबाईंनी पाणी ओतलं. तिथे संपायला हवं होतं, पण रुक्माबाई खुर्चीतून उठल्या, कनवटीची पुडी काढली आणि नायकांच्या मिठाशेजारी आणखी एक मूठ ठेवली. 'हे मोरगव्हानचं,' म्हणाल्या.

 मोरगव्हाणचं मीठ या धोंड्यावर कधीच पडलं नव्हतं. आता पडलं, सरपंचाच्या आईच्या हातचं, सरपंचादेखत. नायकांनी पटका सारखा केला. विजयकुमार धोंड्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात मिनाने दुरडीतली जुडी काढून त्यांच्या टोपीत खोवली, तांड्यातल्या मोठ्या माणसांच्या पटक्यात खोवतात तशी. त्यांनी हात वर नेला, पण काढली नाही. अकरा पोरी आणि एक माझी फाटकातून उतरून ओढ्यावर गेल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या खास लक्षात आली. मिठाची पुडी ज्या कागदाची होती तो मी ओळखला. माझं अक्षर. 'मित्राची ताकद त्याच्या कुलपात नसते' ही ओळ वरच दिसत होती. म्हणजे विजयकुमारांनी माझं पत्र वाचलं, त्यांना पटलं, आणि तोंडाने होकार देणं अवघड म्हणून त्याच कागदात मीठ बांधून आईच्या हाती पाठवलं. वरचा राग लोकांसाठी असावा. यापेक्षा सुसंस्कृत उत्तर कुठल्या परराष्ट्र खात्याने दिलं असेल, मला ठाऊक नाही.

गर्व करू नये हे मला कळतं. आजचा दिवस सोडून.

२० ऑगस्ट, बुधवार

विजयकुमार घरी आले. टोपीत जुडी नव्हती, पण खिशात कोमेजलेली दोन पाती दिसली.

मंडळाच्या नोंदवहीत सतरा तारखेचं काय लिहायचं, हे विचारायला आले होते. कलम नऊ लावायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मीठ पडलं आहे, आता काय लावणार. तांड्याला पुढच्या टप्प्यात नव्हे, याच महिन्यात सभासद करायचं म्हणतात. तांड्याची कुत्री डुकरांना भारी पडतात, असं त्यांना अचानक समजलं आहे. अट एकच, दिवाळीत मोरगव्हाणला कबड्डीचा परतीचा सामना. नायकांनी मान्य केलं. बँड यंदा तांडा आणणार.

निघताना मी नम्रपणे म्हणाले की माझ्या तिसऱ्या पत्राचा तुम्ही असा मान राखलात, आभारी आहे.

ते थांबले. 'ताई, तेच इचारनार व्हतो. तुमी तिसरं पत्र देनार म्हन्ले व्हते ना? ते काहून धाडलं न्हाई?'

मी काय बोलले ते आठवत नाही. चहा घेता का, असं काहीतरी. ते गेल्यावर दार लावून घेतलं. मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. गुडघे. पापड. बॅटरी आणि बटण. ग्रामसभेत हसणाऱ्या बायका. सगळं माझ्याच अक्षरात, तारखेसहित. मी एकही गोष्ट लिहायची सोडली नव्हती.

नोंदवहीत खोटं लिहायचं नाही, हे नक्की होतं. खरं लिहिलं तर पाच-सहा म्हाताऱ्यांवर आणि एका सायन्सच्या विद्यार्थिनीवर कारवाई करावी लागेल. तासभर विचार करून असं लिहिलं: 'दि. १७ रोजी सकाळी फाटक क्र. ४ उघडे आढळले. कोणी उघडले याची सचिवाने चौकशी केली असता, ज्यांना माहीत होते त्यांनी सांगितले नाही, आणि जी सांगण्यास पुढे आली तिला काहीच माहीत नव्हते.' यात एकही अक्षर खोटं नाही.

आत्याबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले. रागावणार होते, निदान विचारणार तरी होते. चार पानं लिहायला मला दोन दिवस लागले होते. पण त्यांच्याकडे बघितलं आणि मीही एक गड्डी उचलली. दोघी सोलत बसलो.

मग त्यांनीच विषय काढला.

'फुडल्या साली जरा जाड कागदावर लिही,' म्हणाल्या. 'अर्धं मीठ वाटंतच सांडलं.'